पितळी वाद्ये आणि आमची मुले

"मुलगा वाईट नाही हो सर, पण त्याचे सारे लक्ष त्या बँडात," अशी तक्रार पालकांच्या तोंडून वर्षातून दोन-चार वेळा तरी कानी येते. बँडाच्या सरावात वेळ जातो एवढाच तक्रारीचा रोख असता, तर वेळापत्रकात थोडा फेरफार करून तिचा निकाल लावता आला असता. परंतु तिच्या मुळाशी दुसरीच भीती असते. शाळेच्या बँडात बिगूल फुंकणारा मुलगा उद्या खरोखरच 'वाजविणारा' झाला, तर आप्तेष्टांत तोंड कसे दाखवावे, ही ती भीती होय. गाणे शिकणारी मुलगी घराची शोभा ठरते. तबला शिकणाऱ्या मुलाचे पाहुण्यांपुढे कौतुक होते. पितळी वाद्य हाती धरणाऱ्याला मात्र 'बँडवाला' हे एकच नाव मिळते. ह्या नावात जो तुच्छतेचा सूर आहे तो कितपत न्याय्य आहे, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या मातापितरांनी एकदा शांतपणे करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आपल्या पनवेल-उरणच्या बाजूला हळदीची रात्र वाद्यांवाचून सुनी वाटते. लग्नाची तारीख ठरली की आधी वाजविणारे ठरवावे लागतात, नाहीतर ऐन वेळी ते मिळत नाहीत. ज्यांच्या फुंकरीवर सारा गाव पहाटेपर्यंत नाचतो, त्यांना ताट वाढताना मात्र गावाला आठवण सर्वांच्या शेवटी होते. ह्याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. पितळी वाद्ये आपल्या प्रांतात आली तेव्हा ती हाती घेणारे पुष्कळसे लोक पिढ्यान् पिढ्या सनई, हलगी, संबळ वाजविणाऱ्या घरांतले होते, आणि त्या घरांतल्या अनेकांना गावाने वेशीबाहेरच वस्तीला ठेविले होते. माणसाला दिलेला हीन दर्जा त्याच्या हातातील वाद्याला चिकटला, इतकेच.

गवयांची स्थितीही एके काळी फारशी निराळी नव्हती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, गाण्याला पाठ्यपुस्तके दिली, परीक्षा लावल्या, आणि कुलीन घरांतील मुलेमुली निर्भयपणे सूर लावू लागली. त्याच परंपरेतील मंडळाच्या परीक्षांना आज आपल्या शाळेतील काही विद्यार्थी बसतात. गवयासाठी पलुस्करांनी जे केले, ते बँडवाल्यासाठी करणारा कोणी आपल्या प्रांतात अद्याप निघाला नाही. पुण्याच्या गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड नाट्यपदे वाजवू लागला की लोक रस्त्याच्या कडेला थांबून ऐकतात व माना डोलावितात. पण त्यातील ट्रम्पेट वाजविणाराचे नाव काय, ते शिकला कोठे, हे विचारणारा हजारात एखादा सापडला तर सापडला.

आपण ख्रिस्ती लोकांनी तर ह्या बाबतीत नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. गणनेच्या दहाव्या अध्यायात चांदीचे दोन कर्णे घडविण्याची आज्ञा आहे, आणि ते वाजविण्याचे काम याजकांच्या मुलांकडे सोपविलेले आहे. मुक्तिफौजेची पहिली तुकडी फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली १८८२ सालच्या सप्टेंबरात मुंबईस उतरली. टकर साहेब हे सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन आलेले गृहस्थ. त्यांनी पुढे फकीर सिंग हे नाव घेतले, देशी वस्त्रे घातली आणि अनवाणी हिंडले. त्यांच्या लोकांनी मुंबईच्या रस्त्यांतून वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून त्यांना अटक झाली व तुरुंगवासही घडला. आज ज्या मंडळींना बँड म्हणजे कमीपणा वाटतो, त्यांपैकी कित्येकांच्या आज्यापणज्यांनी शुभवर्तमान प्रथम ऐकले असेल ते अशाच एखाद्या बाजारपेठेत वाद्यांच्या नादाने जमलेल्या गर्दीत उभे राहून!

आता वाद्याकडे वळू. आपल्या शाळेत स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी जे बिगूल वाजते, त्याला एकही कळ नसते. नळी एकच आणि तिची लांबीही ठरलेली. ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर कमीअधिक करून तिच्यातून जे सूर निघतात ते मुख्यतः पाच, आणि त्यांची नावे तर तीनच : सा, ग आणि प. सैन्यातील साऱ्या बिगुलसंकेतांचा संसार एवढ्या भांडवलावर चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत स्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल ह्या दोघांनी पितळी वाद्याला कळा बसविल्या, आणि ह्या दरिद्री वाद्याला एकाएकी सारे सप्तक प्राप्त झाले. ट्रम्पेटला अशा तीन कळा असतात. मधली दाबली की हवा थोडा लांबचा वळसा घेते व सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिलीने एका स्वराने. तिसरीने दीड स्वराने. तीन बोटांच्या ह्या हिशेबातून बाराही सूर मिळतात. पण कोणती कळ दाबिली असता कोणता सूर येईल हे कळेला ठाऊक नसते. एकाच बोटावर सा येतो आणि पंचमही येतो. दोहोंतला कोणता, हे ओठ ठरवितात. ओठांना ते कळावे लागते ते आधी कानाला कळले असेल तरच. म्हणून ज्याला सूर मनात ऐकू येत नाही, त्याने ट्रम्पेट विकत घेण्याची घाई करू नये.

हेच मर्म गोव्यातील चर्चशाळांनी फार पूर्वी ओळखिले होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील ख्रिस्ती खेड्यांत चर्चला जोडून संगीताची शाळा असे, आणि तिचा गुरू तो मेस्त्र. शाळेत आलेल्या पोराच्या हाती मेस्त्र लागलीच वाद्य देत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे पाच रेषांवर मांडलेले सूर पाहून ते वाद्यावाचून गळ्याने म्हणावयाचे आणि हाताने ताल मोजावयाचा. हा अभ्यास चुकला की छडी. तो अंगवळणी पडला म्हणजे मग व्हायोलिन, क्लॅरिनेट किंवा कॉर्नेट. मेस्त्र रविवारी गायकवर्ग चालवी, सणाच्या दिवशी बँड घेऊन पुढे होई, प्रेतयात्रेत वाजवी, आणि उपवासकाळासाठी नवी भक्तिगीते स्वतः रचून, त्यांचे निरनिराळे आवाज निरनिराळ्या कागदांवर लिहून पोरांकडून बसवून घेई. वाजविणारा, रचणारा आणि शिकविणारा असे तिन्ही मिळून एकच गृहस्थ. त्याला मिळणारे वेतन फार थोडे असे, हे मात्र सांगितले पाहिजे.

मेस्त्राच्या हाताखालून निघालेली मुले पुढे पोटासाठी मुंबईस, कलकत्त्यास, मसुरीस, रंगूनपर्यंत गेली. त्यांतील एक अँतोनिओ झेवियर वाझ. बार्देशातील हळदोणे गावी १९१६ साली ह्याचा जन्म झाला. पुढे साऱ्या हिंदुस्थानाने त्याला 'चिक चॉकलेट' ह्या नावाने ओळखिले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात हा आपला वाद्यवृंद घेऊन ट्रम्पेट वाजवी, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात वाजवावयाचे आणि दिवसा चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणास हजर राहावयाचे, असा त्या काळच्या अनेक गोवेकर वादकांचा दिनक्रम होता. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांनी ह्या वादकाला आपला सहायक केले. १९५० सालच्या 'समाधी'त आणि १९५१ सालच्या भगवानदादांच्या 'अलबेला'त जी नवी, नाचरी वाद्यरचना ऐकून लोक वेडे झाले, तिच्यात ह्या हळदोणेकराचा हात आहे.

सहायक म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे, कारण ह्या शब्दाने फार मोठे काम झाकून टाकिले आहे. संगीतकार चाल बांधतो. ती त्याच्या गळ्यात किंवा पेटीवर असते. परंतु समोर पन्नास-साठ वादक बसलेले असतात. व्हायोलिनांनी काय वाजवावे, ट्रम्पेटने कोठे शिरावे, दोन कडव्यांमधली जागा कशाने भरावी, गायिकेचा श्वास जेथे तुटतो तेथे बासरी यावी की गिटार, हे सारे कोणीतरी ठरवून प्रत्येक वादकाच्या नावचा कागद लिहावा लागतो. ट्रम्पेटचा कागद तर लिहिलेल्या सुरापेक्षा एक स्वर खाली वाजतो; त्याचा हिशेब आगाऊ करून लिहावे लागते, नाहीतर सारा मेळ बेसूर. हे लेखन करणारे बहुतेक जण मेस्त्राच्या शाळेतले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावे. चित्रपटाच्या आरंभी संगीतकाराचे नाव ठळक अक्षरांत येई. ह्यांचे आले तर खाली, बारीक, आणि पुष्कळदा मुळीच येत नसे. गोन्साल्विस यांचे नाव लोकांच्या तोंडी झाले ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, १९७७ साली त्यांच्या नावाचे पात्र असलेल्या चित्रपटाला संगीत दिले तेव्हा. आणि तेही लोकांना पात्राचे नाव म्हणूनच ठाऊक झाले.

चिक चॉकलेटने स्वतंत्र रचनाही केली. १९५१ सालच्या 'नादान' चित्रपटाचे संगीत त्याच्या नावावर आहे. पण तो मार्ग पुढे फारसा रुंदावला नाही. १९६६ साली 'आखरी खत' चित्रपटातील एका गीतात तो ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसतो, आणि पुढच्याच वर्षी, एक्कावन्नाच्या आतबाहेर, त्याचे आयुष्य संपले. त्याचा वारसा चालविणारे निघाले नाहीत असे नाही. फ्रँक फर्नांड हेही ट्रम्पेटवादकच. त्यांनी १९६३ साली 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट काढिला, आणि त्याला संगीत दिले क्रिस पेरी ह्या मडगावच्या दुसऱ्या ट्रम्पेटवादकाने. पेरी यांच्या रचना आजही गोव्यातील प्रत्येक ख्रिस्ती लग्नात वाजतात, आणि लॉर्ना ह्या गायिकेला शिकवून, सरावात कठोरपणे राबवून पुढे आणिले तेही त्यांनीच. मेस्त्राच्या अंगी असलेली तिन्ही कामे ह्या एका माणसात पुन्हा एकत्र आलेली दिसतात.

ह्या तिन्ही कामांचे वय सारखे नसते. वाजविण्याचे वय सर्वांत थोडे. पितळी वाद्य हे ओठांचे आणि दातांचे वाद्य आहे. पुढचे दोन दात हलू लागले की वादकाची भाकरी हलू लागते. अमेरिकेत जो ऑलिव्हर नावाचा कॉर्नेटवादक होता. त्याला लोक 'किंग', म्हणजे राजाच म्हणत, आणि आर्मस्ट्राँगने त्याच्याच शेजारी बसून वाजविले. हिरड्यांच्या विकाराने ऑलिव्हरचे दात गेले, वाजविणे सुटले, आणि १९३८ साली सव्हाना शहरात तो वारला तेव्हा एका खेळघरात झाडलोट करून पोट भरीत होता. ज्याच्या हाती केवळ वाजविणे आहे, त्याने ही हकीकत उशाशी ठेवावी. कागदावर लिहिता येणाऱ्याचे दात पडले तरी त्याची लेखणी चालते, आणि शिकविणाऱ्याचे तर केस पिकले म्हणजे मान वाढतो.

आर्मस्ट्राँगचीच गोष्ट घ्या. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री, नववर्षाच्या जल्लोषात पिस्तूल झाडले म्हणून न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांनी ह्या गरीब नीग्रो पोराला पकडले आणि वाट चुकलेल्या मुलांच्या वसतिगृहात धाडिले. तेथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. त्यांनी आधी त्याच्या हाती बिगूल दिले आणि मग कॉर्नेट. शेवटी वसतिगृहाच्या बँडाचा त्याला नायक केले. आर्मस्ट्राँगचे नाव जगाला ठाऊक आहे. डेव्हिसचे नाव संगीताच्या इतिहासकारांपलीकडे कोण घेतो?

आपल्याकडे असेच एक नाव आहे, आणि ते मुंबईचे. पंडित रामप्रसाद शर्मा हे नाणावलेले ट्रम्पेटवादक. मित्रमंडळी त्यांना 'बाबाजी' म्हणत. त्यांनी आपल्या मुलाला लहानपणीच स्वरलेखनाचे धडे दिले, आठव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती व्हायोलिन आले, आणि पुढे हाच मुलगा लक्ष्मीकांत कुडाळकर यांच्या जोडीने लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हणून गाजला. प्यारेलाल यांना २०२४ साली पद्मभूषण मिळाले. मुलाला बापाने शिकविले ह्यात नवल काय, असे कोणी म्हणेल. पण बाबाजींनी शिकविले ते केवळ घरच्यांना नव्हे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील किती तरी वादकांनी कागद वाचण्याची विद्या त्यांच्यापाशी घेतली. पडद्यावर नाव यावे असे हे काम नाही. परंतु दोन-तीन दशकांच्या चित्रपटसंगीताचा इमला ज्या वादकांनी उचलला, त्यांना वाचावयास शिकविणारा हा एक ट्रम्पेटवाला होता, ही गोष्ट 'बँडवाला' ह्या शब्दाचा उच्चार करणाऱ्याने ध्यानी धरावी.

इतके सांगूनही पालकांची मुख्य शंका उरतेच : ह्यावर पोट भरेल काय? शंका रास्त आहे, आणि ती गोड बोलून उडविणे बरे नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरच्या सुमारास विजेच्या पेटीतून शंभर वाद्यांचे आवाज निघू लागले, आणि ध्वनिमुद्रणगृहांतून बसणारे मोठे वाद्यवृंद पाहता पाहता विरले. अनेक उत्तम वादक घरी बसले. लग्नाच्या वरातीतही आता मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या गाड्या पुढे झाल्या आहेत. केवळ वरातीच्या आशेवर मुलाने शाळा सोडून वाद्य धरावे असे मी तरी कोणास सांगणार नाही.

पण दारे सगळीच बंद झालेली नाहीत, आणि जी उघडी आहेत त्यांवर कागद वाचता येण्याची अट लिहिलेली आहे. भूदलाचे वादक पचमढीस शिकतात. नौदलाचे संगीतशिक्षण आपल्या शेजारी, कुलाब्याच्या 'आयएनएस कुंजली' येथे होते. दरवर्षी २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात जे सैनिकी वाद्यवृंद वाजतात, त्यांत बसणारा प्रत्येक जण पगारी असतो. मुंबईत २००६ साली 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याच्या कायमच्या जागांवर कझाकस्तानासारख्या दूरदेशांतून वादक आणून बसवावे लागले, कारण त्या तयारीचे वादक येथे पुरेसे मिळेनात. नरिमन पॉइंट पनवेलपासून पन्नास मैलांच्याही आत आहे! आणि संगीतशिक्षकांची तूट तर नव्या वसाहतींतील कोणत्याही शाळेत जाऊन पाहावी.

मला जर कोणी विचारील, तर मी म्हणेन की शाळेने ट्रम्पेट विकत घेण्यासाठी वर्गणी काढण्याची घाई करू नये. आपल्या बिगूलवाल्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस, प्रार्थनेपूर्वीचा अर्धा तास, पाच रेषांवरील सूर वाचावयास शिकवावे. ज्यांना भातखंड्यांची स्वरलिपी येते त्यांना हे मुळीच जड जाणार नाही; उलट दोन्ही लिप्या जाणणारा वादक दुप्पट उपयोगी. शेजारच्या गावांतून लग्नात वाजविणाऱ्या बँडांतील एखादा वयस्क, जाणता वादक शाळेत बोलवावा, त्याला खुर्ची द्यावी, मानधन द्यावे, आणि मुलांनी त्याला सर म्हणावे. फुंकर कशी घालावी, ओठ कसे जपावेत, मींड कळा अर्ध्या दाबून कशी काढावी, हे त्याला येते आणि आम्हां पदवीधरांना येत नाही. त्याला कागद वाचता येत नसेल, तर त्यानेही मुलांबरोबर बाकावर बसून तो शिकावा. ह्यात कोणाचाच अपमान नाही.

सहा महिन्यांनी जो मुलगा वाद्यावाचून, केवळ कागद पाहून, आपल्या उपासनेतील एखाद्या गीताची चाल अचूक म्हणून दाखवील, त्याच्या हाती ट्रम्पेट द्यावे. दुसऱ्या वर्षी त्याने त्याच गीताला दुसरा सूर लिहून आणावा. तिसऱ्या वर्षी पाचवीतील दोन मुले त्याच्या हवाली करावीत. पालकांनी त्या अवधीत एवढेच करावे की संध्याकाळी घरात सरावाचा बेसूर आवाज चालू असताना दार लावून घेऊ नये, आणि शेजारी तक्रार घेऊन आला तर त्याला चहा द्यावा. एका वहीला आणि एका पेन्सिलीला फारसा खर्च येत नाही. पाच-पाच रेषा आखलेली वही दुकानात न मिळाली, तर पट्टीने घरी आखता येते. मेस्त्राच्या शाळेतली पोरे तशीच आखीत असत.